चौरंगी सामने आणि आपली बाजू



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयास उभ्या राहिलेल्या माणसाने किल्ल्यांवर, तहांवर किंवा लढायांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असते. आम्ही आज बोलणार आहोत ते क्रिकेटच्या प्रेक्षकांविषयी. खेळाडूंची चरित्रे पुष्कळ झाली. पण दोरीबाहेर उन्हात उभा राहून जो घसा बसेपर्यंत ओरडतो, त्याचा इतिहास लिहावयास फारसे कोणी बसत नाही. आमचा जन्म कारखान्यांच्या फाटकांवर, अशाच माणसांच्या घोळक्यात गेला. त्यामुळे धावफलकापेक्षा ही गर्दीच आम्हांला अधिक वाचता येते.

आपल्या मुळशीकराला बाजू घ्यावयास कोणी शिकवावे लागत नाही. गावची जत्रा असावी, कुस्त्यांचा फड भरावा, हलगी कडाडू लागावी, की ज्याने आयुष्यात लंगोट लावला नाही तोसुद्धा आपल्या गावच्या पैलवानासाठी खांदे उडवू लागतो. आपला गडी चितपट झाला तर त्या रात्री घरी मटणही गोड लागत नाही. यात वाईट काही नाही. माणूस बाजू घेणारच. मात्र ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ यांच्यामधली रेघ कोण ओढतो, आणि ती कोठून कोठे जाते, हे पाहण्यासारखे असते. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत ती रेघ जवळजवळ चाळीस वर्षे धर्मावरून ओढलेली होती. म्हणून ती हकिकत आज सांगावयाची.

मुंबईत पारशी मंडळींनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पुढे पारशी, हिंदू, मुसलमान अशी सगळ्यांची पोरे एस्प्लनेड मैदानावर खेळू लागली. त्याच मैदानावर गोरे साहेब पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडे आणि दुसऱ्या दिवशी चेंडू कोठेही उडे. तेव्हा या देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले. अर्जामागून अर्ज गेले, बंदी आली, पुन्हा उठली. शापूरजी सोराबजी नावाच्या पारशी गृहस्थाने या झगड्याची सारी कथा १८९७ साली पुस्तकरूपाने छापून ठेवली आहे. आमच्यासारख्याला ती वाचताना ओळखीची वाटते: आधी विनंती, मग निवेदन, मग सह्यांची मोहीम, मग ‘विचार चालू आहे’ असे उत्तर. एवढे मात्र लक्षात ठेवावे, की त्या अर्जांवर हिंदू, पारशी, मुसलमान यांच्या सह्या एकाच कागदावर होत्या.

पुढे समुद्रकाठी जिमखान्यांसाठी जागा मिळाल्या त्या मात्र वेगवेगळ्या. पारशांचा जिमखाना निराळा, मुसलमानांचा निराळा, हिंदूंचा निराळा. गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना तर होताच. तेथे हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. पारशी संघाने १८७७ साली बॉम्बे जिमखान्याशी पहिला सामना खेळला, १८९० च्या जानेवारीत इंग्लंडहून आलेल्या व्हर्ननच्या संघाला हरविले, आणि १८९२ पासून पारशी विरुद्ध युरोपियन असे सामने दर वर्षी होऊ लागले. १९०७ साली हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमान आले, चौरंगी झाले. १९३७ साली ख्रिस्ती, ज्यू वगैरे उरलेल्यांचा ‘इतर’ नावाचा पाचवा संघ काढून ते पंचरंगी करण्यात आले. ‘रंग’ हा शब्द आपल्या मराठी वर्तमानपत्रांनी मोठा चपखल शोधला. पत्त्याच्या डावाप्रमाणे ज्याचा त्याचा रंग ठरलेला.

सामने सुरू झाले की मुंबईचे अर्धे लक्ष मैदानावर. ज्या त्या जिमखान्याचे तंबू वेगळे, त्यांत ज्याची त्याची माणसे. ज्यांना तंबू परवडत नसे ते मैदानाच्या कडेला आणि झाडांवर. १९३४ साली तल्यारखान यांनी याच सामन्यांचे धावते वर्णन रेडिओवरून केले, आणि मग झाडावर चढण्याचीही गरज राहिली नाही.

आता या गर्दीतून आम्ही एका माणसाकडे वळतो. तो पुण्याच्या मातीत वाढलेला. पाळवणकर बाळू. जन्म १८७६ चा, धारवाडचा; जातीने चांभार. वडील पलटणीतले. बाळू पोरवयात पुण्यात पारशी खेळाडूंच्या क्लबात महिना ३ रुपयांवर मैदान झाडण्याच्या कामाला लागला. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर गेला. काम काय? खेळपट्टीवर रूळ फिरवावयाचा, जाळ्या बांधावयाच्या, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावयाचे. कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासन् तास त्याच्या डावखुऱ्या गोलंदाजीवर सराव करी. चेंडू टाकणारा एवढा तरबेज झाला, पण पूना क्लबात त्याच्या हातात बॅट एकदाही दिली गेली नाही. फलंदाजी ही धन्याची आणि गोलंदाजी ही गड्याची, असा तो हिशेब होता. पगारी कौशल्याची किंमत ठरविण्याची ही पद्धत अजून संपली आहे असे आम्हांला वाटत नाही.

गोऱ्यांना हरवावयाचे तर बाळू हवा, हे पुण्यातील हिंदू क्लबाने ओळखले. त्याला घेतला. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू हातोहात फिरे, ब्राह्मण यष्टिरक्षकाच्या हाती विसावे, त्याला विटाळ नसे. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे तंबूत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत, आणि बाळूला बाहेर, फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात. जेवणही वेगळे. चेंडू विटाळत नाही आणि कप विटाळतो, असे ते शास्त्र होते.

येथे आम्ही जरा मैदान सोडून गिरणीत जातो. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारांनी होते. पण साचेखात्यात, जेथे पगार बरा मिळे, तेथे त्यांना प्रवेश नसे. कारण असे सांगत, की धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते, आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जातो. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार-पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. आम्ही संघटनेची माणसे आहोत म्हणून हे झाकून ठेवणार नाही: ही बंदी चालू राहिली ती सवर्ण कामगारांच्या हट्टामुळे. मालकाला साचा चालण्याशी मतलब. संपात खांद्याला खांदा लावणारी माणसे धोट्याशी आली की वेगळी होत. बाळूचा चहा आणि साचेखात्यातला धोटा या आम्हांला एकाच सुताच्या दोन गाठी वाटतात.

पुढे बाळू मुंबईस गेला, रेल्वेत नोकरी केली आणि हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागला. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. स्वदेशीची चळवळ ऐन भरात असताना हा विजय आला. त्याचा जल्लोष केवढा झाला असेल याची कल्पना करावी. बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम हे दोघेही त्या संघात होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’सारख्या सुधारकी पत्राने तर, अस्पृश्याला संघात घेतले म्हणून हा जय मिळाला, असा अर्थ काढून समाजाला चार शब्द ऐकविले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ एकंदरीत मार खाऊन आला, पण बाळूने एकट्याने ११४ बळी घेतले.

एवढे झाल्यावर त्याला हिंदू संघाचा कर्णधार करावयास हरकत काय होती? बळी घ्यावयास बाळू चाले, नाणे उडवावयास चालत नसे. त्याचे नाव वर्षानुवर्षे पुढे येई आणि मागे पडे. १९२० साली हा प्रश्न हातघाईवर आला. बाळूला संघातूनच वगळले आणि नेतृत्व दुसऱ्याकडे गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्याच्या भावांनी खेळावयास नकार दिला आणि आपली कारणे जाहीरपणे मांडली. आमच्या भाषेत हा दोन माणसांचा संप. आणि तो निष्फळ गेला नाही. पुढच्याच सामन्यात बाळूला उपकर्णधार म्हणून घ्यावे लागले, कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढ्या वेळापुरते का होईना, हिंदू संघाचे नेतृत्व बाळू पाळवणकराने केले. १९२३ साली विठ्ठल रीतसर कर्णधार झाला. त्याच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांवर अंतिम सामना जिंकला आणि प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरविले. ज्या खांद्यांना त्याची सावली चालत नव्हती, त्यांतलेही काही खांदे त्यात असतील.

ते १९२३ साल आपल्या मुळशीला दुसऱ्या कारणासाठी आठवते. १९२१ च्या एप्रिलात सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने सुरू झालेला सत्याग्रह तेव्हा थकत चालला होता. धरण टाटांचे, वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी, आणि पाण्याखाली जाणारी भातखाचरे आपल्या आजे-पणज्यांची. मुंबईच्या मैदानावर हिंदू जिंकला म्हणून टोप्या उडत होत्या, त्याच मुंबईला वीज पुरविण्यासाठी येथला हिंदू शेतकरी गाव सोडत होता. धरण बांधविणारे भांडवलदार पारशी, म्हणून कोणा मावळ्याने पारशी संघाच्या पराभवात समाधान मानल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मावळ्याला आपला सामना कोणाशी आहे ते पक्के ठाऊक होते.

१९३० ते १९३३ कायदेभंगामुळे सामने बंद राहिले, १९३४ ला पुन्हा सुरू झाले. १९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम उघडले, आणि पहिल्याच वर्षी हिंदू संघ खेळला नाही. कारण धर्माचे नव्हते. प्रेक्षकांच्या किती जागा कोणत्या जिमखान्याच्या वाट्याला, यावरून ते भांडण होते. तिकिटांचे उत्पन्न मोठे होते. ‘आमचा समाज’ ही आरोळी देणारा प्रेक्षक भाबडा असेल, पण त्या आरोळीची मोजदाद गल्ल्यावर चोख चाले. त्याच १९३७ साली प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने बाळूला डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूला ११,२२५. मैदानावर ज्याच्या नावाचा घोष झाला, त्याला राजकारणाने शेवटी आपल्याच माणसासमोर उभे केले, याची आम्हांला आजही चुटपुट वाटते.

१९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला महात्माजींकडे गेली. खेळात जातवार संघ कशाला, हे मुंबईच्या क्रीडाप्रेमींनी आता टाकून द्यावे, असा त्यांचा सल्ला पडला. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने हीच भूमिका नेटाने लावून धरली. उलट बाजूने विजय मर्चंट यांच्यासारखे खेळाडू म्हणत, की या सामन्यांमुळे कधी दंगा झाला नाही, उलट स्नेह वाढला. हे म्हणणे खोटे नाही. १९२९ आणि १९३२ साली मुंबईत भयंकर दंगे झाले, पण ते मैदानावरून नव्हेत. १९४४ चा अंतिम सामना मुसलमानांनी हिंदूंविरुद्ध अवघा एक गडी राखून जिंकला, के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत उभा राहिला. तरी गर्दी शांतपणे घरी गेली. पण दंगा होत नाही एवढ्यावरून रेघ योग्य ठिकाणी ओढली आहे, असे ठरत नाही. आमच्या एका कारखान्यात दर वर्षी कायम कामगार विरुद्ध कंत्राटी कामगार असा सामना ठेवीत. दंगा कधीच झाला नाही, शेवटी सगळ्यांना भेळही मिळे. आणि पगारवाढीच्या बैठकीच्या दिवशी दोन्ही संघ दोन वेगळ्या झाडांखाली बसत.

विजय हजारे यांचे उदाहरण घ्या. सांगलीचा, मराठी, धर्माने ख्रिस्ती. १९४० च्या जानेवारीत पुण्यात, प्राध्यापक देवधरांच्या महाराष्ट्र संघातर्फे बडोद्याविरुद्ध त्याने नाबाद ३१६ केल्या. देवधर हे सर परशुरामभाऊ कॉलेजात संस्कृत शिकवीत. त्यांनी त्या वर्षी आणि पुढल्याही वर्षी रणजी करंडक महाराष्ट्रात आणला. पुणेकरांना तेव्हा हजारे आपला होता. १९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात तोच हजारे ‘इतर’ झाला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात मर्चंटच्या नाबाद २५०. इतरांचा पहिला डाव १३३. दुसऱ्या डावात एकूण ३८७ धावा झाल्या आणि त्यांतल्या ३०९ एकट्या हजारेच्या! त्याचा भाऊ विवेक याने २१ धावा करीत एक बाजू अडवून धरली आणि दोघांनी मिळून ३०० ची भागीदारी केली. तरीही सामना डावाने गेला. त्या दिवशी पुण्याहून गेलेल्या मराठी प्रेक्षकाने टाळी कोणासाठी वाजविली असेल? कागदावर तो हिंदूंच्या तंबूतला होता.

१९४६ च्या आरंभी हिंदूंनी पारशांना हरविले आणि पंचरंगी सामने कायमचे बंद झाले. पुढच्या हंगामात त्यांच्या जागी विभागीय सामने ठेवले, पण तशी गर्दी काही लोटली नाही. रणजी सामन्यांच्या रिकाम्या पायऱ्या तर आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. बाळू पाळवणकर १९५५ च्या जुलैत वारला. विठ्ठलने १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ या नावाने आपल्या आठवणी मराठीत प्रसिद्ध केल्या. एखाद्या जुन्या वाचनालयात प्रत असेल, तर कपाटाच्या तळच्या खणात पाहावी. खेळाची पुस्तके बहुधा तेथेच टाकलेली असतात.