हेन्स्लोंबरोबर फिरणारा विद्यार्थी

चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावर निसर्गाभ्यासक म्हणून गेला, हे आपण वर्गात एका वाक्यात सांगून पुढे जातो. पण त्याला निवडले कोणी? १८३१ साली तो अवघा २२ वर्षांचा होता. नुकताच बी. ए. झालेला, पुढे पाद्री होण्याचा बेत असलेला तरुण. या जागेसाठी जाहिरात नव्हती, परीक्षाही नव्हती. तरीही निमंत्रण त्याच्याच घरी आले. याचे उत्तर त्याच्या गुणपत्रिकेत सापडत नाही. विद्यार्थीदशेत त्याने जोडलेल्या माणसांत ते सापडते.

वर्गाबाहेरचे एडिंबरो

१८२५ मध्ये वडिलांनी डार्विनला वैद्यकी शिकण्यासाठी एडिंबरोला पाठवले. तेथील व्याख्याने त्याला कंटाळवाणी वाटली. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळातल्या शस्त्रक्रिया तर त्याला पाहवेनात. वैद्यकी सुटली, पण वर्गाबाहेर त्याला गुरू भेटले. रॉबर्ट ग्रँट या प्राणिशास्त्रज्ञाबरोबर तो समुद्रकिनाऱ्यावर जीव गोळा करीत हिंडे. विद्यार्थ्यांच्या ‘प्लिनियन सोसायटी’त मार्च १८२७ मध्ये त्याने आपली पहिली निरीक्षणे मांडली.

तिसरा गुरू जॉन एडमन्स्टन. दक्षिण अमेरिकेतील गयानात गुलामगिरीत वाढलेला आणि पुढे मुक्त झालेला हा कृष्णवर्णीय गृहस्थ पक्ष्यांची कातडी काढून, त्यांत भुसा भरून ते टिकवण्याच्या कलेत निष्णात होता. डार्विनने एक गिनी देऊन दोन महिने रोज तासभर त्याच्याकडे शिकवणी घेतली. ‘बीगल’च्या प्रवासात पक्षी टिकवून धरताना हेच कौशल्य कामी आले. एडमन्स्टन कुठल्या पदावर नव्हता. ओळख मोठ्या माणसाचीच असावी लागते असे नाही, हे यावरून दिसते.

शुक्रवारची संध्याकाळ

जानेवारी १८२८ मध्ये डार्विन केंब्रिजला आला. चुलत नात्यातला विल्यम डार्विन फॉक्स तेथे आधीपासून शिकत होता. त्याने डार्विनला भुंगेरे गोळा करण्याचा नाद लावला. दोघे पत्रांतून नमुन्यांची देवाणघेवाण करीत. डार्विनच्या काही नोंदी स्टीफन्स यांच्या ब्रिटिश कीटकांवरील ग्रंथात त्याच्या नावासह छापल्या गेल्या. स्वतःचे नाव छापील पाहून झालेला आनंद तो म्हातारपणीही विसरला नव्हता.

फॉक्सनेच त्याला जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे नेले. हेन्स्लो विज्ञानाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना शुक्रवारी संध्याकाळी घरी बोलावत. तेथे विद्यार्थी आणि जाणते लोक एकाच खोलीत बसून बोलत. शिवाय ते मुलांना घेऊन पायी, घोडागाडीने, होडीने सहलीला जात आणि वाटेत दिसलेल्या वनस्पती व प्राणी समजावून सांगत. डार्विन त्यांच्यासोबत इतका हिंडे, की ‘हेन्स्लोंबरोबर फिरणारा’ हीच त्याची विद्यापीठात ओळख झाली. भूशास्त्र शीक, असा आग्रहही हेन्स्लोंचाच. ऑगस्ट १८३१ मध्ये प्राध्यापक सेज्विक त्याला उत्तर वेल्समध्ये खडक पाहायला घेऊन गेले, तेही हेन्स्लोंच्याच शब्दाखातर.

पत्रांची साखळी

याच सुमारास ‘बीगल’चा कप्तान फिट्झरॉय प्रवासात सोबतीला एखादा निसर्गाभ्यासक शोधत होता. त्याने नौदलाचे जलसर्वेक्षक ब्यूफोर्ट यांना विचारले, ब्यूफोर्टनी केंब्रिजच्या पीकॉक यांना, पीकॉकनी हेन्स्लोंना. हेन्स्लोंना स्वतःला जायचा मोह झाला होता, पण पत्नीचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी बेत सोडला. त्यांचे मेव्हणे जेनिन्स यांनीही नकार दिला. मग २४ ऑगस्टला हेन्स्लोंनी डार्विनला पत्र लिहिले.

या पत्रातला प्रामाणिकपणा शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. तू परिपूर्ण निसर्गाभ्यासक आहेस, असे त्यांनी म्हटले नाही. नमुने गोळा करणे, निरीक्षण करणे आणि नोंदण्याजोगे ते नोंदणे यासाठी तू पुरेसा लायक आहेस, एवढेच लिहिले. शिफारस कशी असावी, याचा हा नमुनाच म्हणता येईल.

वडिलांचा विरोध होता. मामा जोसाया वेजवुड यांनी त्यांच्या एकेका आक्षेपाला पत्रातून उत्तर दिले, तेव्हा परवानगी मिळाली. २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघाले. पुढची पाच वर्षे डार्विन नमुन्यांच्या पेट्या हेन्स्लोंकडे पाठवत राहिला आणि ते त्या सांभाळत राहिले. नोव्हेंबर १८३५ मध्ये त्यांनी त्याच्या पत्रांतील उतारे केंब्रिजच्या फिलॉसॉफिकल सोसायटीत वाचले आणि पुढे छापूनही घेतले. त्यामुळे ऑक्टोबर १८३६ मध्ये परतलेला डार्विन अभ्यासकांना अनोळखी राहिला नव्हता.

दार कोणासाठी उघडे?

ही गोष्ट गोड वाटते, पण तिची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. त्या केंब्रिजमध्ये मुलींना प्रवेश नव्हता. पूर्ण पदवी तर त्यांना १९४८ पासून मिळू लागली. इंग्लंडच्या चर्चची तत्त्वे मान्य न करणाऱ्यालाही तेव्हा पदवी मिळत नसे. डार्विनचा खर्च सोसायला श्रीमंत वडील होते आणि बाजू मांडायला वजनदार मामा. तेवढीच हुशारी असलेल्या, पण यातले काहीच नसलेल्या मुलाच्या घरी ते पत्र आले नसते. म्हणजे ओळखी गुणाला वाट करून देतात, तशाच त्या गुणाची वाट अडवूही शकतात. ज्याच्या घरात आधी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, त्याला ही पहिली ओळख शिक्षकाखेरीज कोण करून देणार?

हेन्स्लोंनी पुढे आपल्या परीने हे दार थोडे रुंद केले. १८३९ पासून ते सफोक परगण्यातील हिचॅम या खेड्यात धर्मगुरू म्हणून राहू लागले. तेथील गावशाळेत ते शेतमजुरांच्या मुलामुलींना वनस्पतिशास्त्र शिकवत. मुले रानात जाऊन रोपे आणत, ती उलगडून पाहत आणि त्यांची शास्त्रीय नावे शिकत. १८५५ मध्ये डार्विनला प्रयोगांसाठी रानटी वनस्पतींचे बी हवे होते. तोवर तो नामांकित शास्त्रज्ञ झाला होता, पण त्याने पत्र लिहिले ते आपल्या जुन्या गुरूलाच. हेन्स्लोंनी ते काम हिचॅमच्या शाळकरी मुलींवर सोपवले आणि मुलींनी बी गोळा करून दिले.