रॅश म्हणजे नुसतं फास्ट नव्हे

अपघाताची बातमी लिहिताना आम्हा पत्रकारांचा एक ठरलेला शब्द असतो, ‘भरधाव’. पोलिसांच्या फिर्यादीतही तोच: हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात. ही सगळी माळ एका इंग्रजी विशेषणासाठी, ‘रॅश’. दंड संहितेचं कलम २७९ त्यावरच उभं होतं. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं २८१ आलं, शब्द तोच राहिला.

गंमत अशी की काही शतकांपूर्वी उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडकडं ‘रॅश’ म्हणजे चपळ, तडफदार. त्यात दोष नव्हता. जर्मन भाषेत त्याचा भाऊ ‘राश’ आजही नुसता ‘झटपट’ आहे. इंग्रजीत मात्र वेग मागं पडला आणि अविचार तेवढा उरला.

आपल्या नेसरीकरांना हा फरक वेगळा सांगायला नको. २४ फेब्रुवारी १६७४ ला सरनोबत प्रतापराव गुजर इथल्याच खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. आदल्या वर्षी उमराणीला त्याला सोडून दिल्याबद्दल महाराजांचा ठपका मनात सलत होता. कुसुमाग्रजांनी त्या दौडीला वेड म्हटलं, इतिहासाची पुस्तकं अविचार म्हणतात. पण घोडे किती वेगात होते याची चर्चा कुणी करतं का? प्रश्न असतो तो सोबत किती होते, मागची फौज कुठं होती, याचा. इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी यानं एप्रिल १६७४ मध्ये कळवलं तेही एवढंच: दोन डोंगरांमधली अरुंद वाट, सोबत सहा स्वार, बाकीच्या फौजेची मदत नाही. विशेषण एक नाही, आणि चित्र पुरं.

आता कोर्टात या. कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश, १९९८. ट्रक उलटून माणसं मेली होती. साक्षीदार म्हणाले, ट्रक जोरात होता. जोरात म्हणजे किती, हे एकालाही सांगता आलं नाही. सुप्रीम कोर्ट म्हणालं, नुसत्या जास्त वेगावरून बेदरकारपणा सिद्ध होत नाही. ड्रायव्हर सुटला तो सुटलाच.

म्हणून फिर्याद द्यायला जाल तेव्हा ‘भरधाव’ लिहून घेतलं की झालं, असं समजू नका. गाडी कुठल्या बाजूनं आली, वळण होतं का, लाईट होती का, ब्रेकच्या खुणा किती लांब, हॉर्न दिला का, हे लिहायला लावा. सही करण्याआधी वाचून घ्या. आणि आम्हा बातमीदारांनाही फोन कराल तेव्हा हेच सांगा, भाऊ.