नर्व्ह ब्लॉक, खुब्याच्या शस्त्रक्रियेतील

खुब्याच्या सांध्याकडून वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंभोवती बधिर करणारे औषध सोडून त्यांचे काम काही तास थांबवण्याची पद्धत. सांधा बदलताना किंवा खुब्याचे हाड मोडल्यावर करायच्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ ती वापरतात. शस्त्रक्रियेपुरती भूल कमरेत सुई देऊन किंवा पूर्ण बेशुद्ध करून वेगळी दिलेली असते. ब्लॉक असतो तो मुख्यतः ही भूल उतरल्यावरच्या दुखण्यासाठी.

ब्लॉकच्या दृष्टीने खुबा अडचणीचा सांधा आहे. हाताचे बहुतेक मज्जातंतू एकाच जाळ्यातून निघतात, म्हणून एका टोचणीत जवळजवळ सगळा हात बधिर होऊ शकतो. खुब्याला मात्र कमरेच्या आणि त्याखालच्या त्रिकास्थीजवळच्या अशा दोन जाळ्यांतून तंतू येतात. सांध्याच्या पुढच्या आवरणाला फीमोरल आणि ऑब्चुरेटर, मागच्या बाजूला सायाटिक व इतर फांद्या, आणि मांडीच्या बाहेरच्या अंगाच्या कातडीला आणखी वेगळाच तंतू. वेदना टिपणारी टोके पुढच्या आवरणात सर्वांत दाट असल्याने बहुतेक ब्लॉक पुढून, जांघेच्या आसपास देतात. एका ब्लॉकने सगळा खुबा बधिर होत नाही. ‘अजिबात दुखणार नाही’ या आश्वासनावर त्यामुळे फार विसंबू नये.

विनी यांनी १९७३ मध्ये एका टोचणीत तीन तंतू गाठणारा ‘थ्री-इन-वन’ ब्लॉक मांडला, पण त्यातून ऑब्चुरेटर बहुधा सुटतो असे पुढे दिसले. १९८९ मध्ये दालेन्स यांनी लहान मुलांसाठी फॅशिया इलियाका ब्लॉक सांगितला आणि तो मोठ्यांमध्येही रूढ झाला. कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि जांघेतील हाडाचा उंचवटा यांना जोडणाऱ्या रेषेचे तीन भाग करायचे. बाहेरचा आणि मधला भाग जिथे मिळतात त्याच्या सुमारे एक सेंटिमीटर खाली बोथट सुई घालायची. दोन पडदे फाटल्याचे दोन झटके बोटांना जाणवले, की प्रौढांत तीस ते चाळीस मिलिलिटर औषध सोडायचे. आता हे सोनोग्राफीवर पाहून करतात, आणि अंदाजापेक्षा ते केव्हाही बरे. भारतात मात्र प्रत्येक सोनोग्राफी यंत्र १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदवावे लागते. भूलतज्ज्ञाचा गर्भाशी संबंध नसला तरी यातून त्याची सुटका नाही.

खरा पेच आहे तो पायातील बळाचा. फीमोरल तंतू बधिर झाला की मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडतो आणि उभे राहताना गुडघा मुडपतो. नवा सांधा बसवल्यावर तर रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभे करायचे असते. यावर तोडगा म्हणून २०१८ मध्ये टोरांटोतील फिलिप पेंग आणि सहकाऱ्यांनी ‘पेंग ब्लॉक’ पुढे आणला. सोआस स्नायूची कंडरा आणि खालचे हाड यांमध्ये साधारण वीस मिलिलिटर औषध सोडून सांध्याकडे जाणाऱ्या बारीक फांद्याच गाठायच्या, अशी त्यामागची कल्पना. कातडीवरच्या छेदाचे दुखणे त्याने जात नाही, आणि औषध जास्त झाले तर ते फीमोरलपर्यंत पसरून पाय लुळा पडू शकतो.

ब्लॉकचा सर्वांत स्पष्ट लाभ हाड मोडलेल्या वृद्धांना होतो, तोही शस्त्रक्रियेआधीच. एक्स-रेच्या टेबलावर सरकवताना किंवा कमरेतील सुईसाठी कुशीवर वळवताना त्यांचा जीव कासावीस होतो. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यानुसार ब्लॉकनंतर अर्ध्या तासात हालचालीचे दुखणे कमी होते, शिवाय भ्रम होण्याचा आणि छातीतील संसर्गाचा धोकाही घटतो. ठरवून केलेल्या सांधेबदलात ब्लॉकचे महत्त्व इतके नाही. २०२१ च्या ‘प्रॉस्पेक्ट’ शिफारशींत पाया आहे पॅरासिटामॉल, सूज उतरवणारी वेदनाशामके आणि डेक्सामेथासोन यांचा. त्याला जोड म्हणून एकदाच दिलेला फॅशिया इलियाका ब्लॉक किंवा शस्त्रक्रियेच्या जागीच टोचलेले औषध सुचवले आहे.

औषध चुकून रक्तवाहिनीत गेले तर ओठांभोवती मुंग्या येतात, कानांत घुमते, पुढे झटके येऊन हृदयही थांबू शकते. म्हणून सिरिंज मागे ओढून पाहत थोडे थोडे औषध देतात आणि उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शन जवळ ठेवतात. ब्लॉक चुकीच्या बाजूला दिला जाण्याचे प्रकारही घडलेले आहेत. पाठीतून खोलवर द्यायचा लंबर प्लेक्सस ब्लॉक रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांत टाळणेच इष्ट. मज्जातंतूला कायमची इजा क्वचितच होते.

बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेनचा परिणाम साधारण अर्धा दिवस टिकतो आणि बऱ्याचदा रात्री उतरतो. मग दुखणे एकदम उसळते. म्हणून दुखू लागण्याची वाट न पाहता गोळी ठरल्या वेळी घ्यावी, आणि पहिल्यांदा पाय खाली टेकवताना नर्सला बोलावल्याशिवाय उठू नये.