‘ग्राही’ : वस्तूच्या आधी आलेला शब्द

साहित्याच्या वर्गात रूपक आपण अलंकार म्हणून शिकवतो. आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीला नटवणे हे त्याचे काम, अशी समजूत त्यामागे असते. पेशीविज्ञानाच्या इतिहासातील एक शब्द या समजुतीला छेद देतो. तो शब्द ‘रिसेप्टर’, मराठीत ‘ग्राही’.

१९०५ साली केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी कोंबड्यांच्या स्नायूंवरील प्रयोग प्रसिद्ध केले. निकोटीन दिले की स्नायू आकुंचन पावत असे. क्युरारी हे विष तो परिणाम रोखत असे. स्नायूची चेता तोडून ती पुरती निकामी झाल्यावरही हेच घडे. म्हणजे ही द्रव्ये थेट स्नायूवर काम करीत होती. तरीही क्युरारी दिलेला स्नायू विजेच्या धक्क्याने आकुंचन पावेच. तेव्हा आकुंचन करणाऱ्या यंत्रणेहून वेगळे, केवळ संदेश स्वीकारणारे असे काही पेशीत असले पाहिजे, असा तर्क लँग्लींनी केला आणि त्याला ‘ग्रहणशील द्रव्य’ म्हटले. जर्मनीत पाउल एर्लिख यांनी विषे व प्रतिद्रव्ये यांच्या संदर्भात ‘रिसेप्टर’ हा शब्द १९०० सालीच योजला होता. वस्तू मात्र कोणीच पाहिली नव्हती.

पुढची कित्येक दशके ती कल्पनाच राहिली. १९४८ मध्ये अमेरिकेत रेमंड अहल्क्विस्ट यांनी अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांच्या परिणामांची तुलना करून ग्राहींचे ‘अल्फा’ आणि ‘बीटा’ असे दोन प्रकार मांडले. ही केवळ अमूर्त संकल्पना आहे, असे स्वतः अहल्क्विस्ट १९७३ सालीही म्हणत होते. आणि गंमत अशी, की याच संकल्पनेवर विसंबून ब्रिटनमधील जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकारावरील औषध घडवले होते. न दिसलेल्या वस्तूच्या भरवशावर रुग्णांना उतार पडत होता.

संदेश स्वीकारला, तरी तो आत पोचतो कसा? अॅड्रिनॅलिन यकृतपेशीच्या आत न शिरताच तिला साखर सोडायला लावते. अर्ल सदरलँड यांना १९५०च्या दशकात आढळले, की पेशीच्या पटलाशी ‘सायक्लिक एएमपी’ नावाचा छोटा रेणू तयार होतो आणि तोच निरोप आत नेतो. त्याला त्यांनी ‘दुसरा दूत’ म्हटले. मार्टिन रॉडबेल यांनी संदेशवहनशास्त्राची परिभाषा उसनी घेऊन ग्राही आणि दूतनिर्मिती यांच्यामध्ये एक रूपांतरक कल्पिला. अल्फ्रेड गिलमन यांच्या प्रयोगशाळेने तो ‘जी-प्रथिन’ या रूपात वेगळा केला. दोघांना १९९४ चे नोबेल मिळाले.

ग्राहीचे दर्शन त्याहून उशिरा घडले. १९८६ मध्ये रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि सहकाऱ्यांनी बीटा-ग्राहीचे जनुक हाती घेतले. २०११ मध्ये ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने जी-प्रथिनाला बिलगलेल्या ग्राहीची रचना उलगडली. लँग्लींच्या तर्काला तोवर शंभरांहून अधिक वर्षे लोटली होती. या दर्शनाने एक जुने रूपक दुरुस्तही केले. ग्राही हे किल्लीची वाट पाहणारे निश्चल कुलूप नाही. ते सतत आकार बदलत असते आणि संदेशरेणू त्यातला एक आकार स्थिर करतो.

म्हणून विद्यार्थ्यांना सांगावेसे वाटते : रूपकाची परीक्षा त्याच्या शोभेवरून करू नका. त्याने कोणता प्रश्न विचारणे शक्य केले, आणि चुकीचे ठरल्यावर ते किती वाकू शकले, ते पाहा.