मुळशीचे पाणी, मुंबईचा उजेड

महाराष्ट्राच्या औद्योगिक भरभराटीचा इतिहास बहुधा मुंबईच्या गिरण्यांपासून सांगितला जातो. आम्हांला तो मुळशीपासून सांगावासा वाटतो. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी पेट्यातील मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. याच लढ्याने पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. लढा मोडला, धरण झाले, १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

मुंबईच्या दृष्टीने हा लाभच होता. जलविजेमुळे गिरण्यांतील कोळसा घटला, धूर ओसरला. पण मुळा पूर्ववाहिनी. तिचे पाणी भीमेवाटे पठारावरील कोरड्या मुलखाकडे जायचे, ते आता सह्याद्रीचा कडा उतरून कोकणात जाऊ लागले. आंबेमोहोराची भातखाचरे बुडाली. त्यांचा मोबदला रुपयांत ठरविता आला. वळविलेल्या नदीचा कसा ठरविणार?

हे पाणी भीमेच्या खोऱ्यात परत सोडावे, ही मागणी अलीकडच्या दुष्काळांत पुन्हा उठली आहे. विकासाला आमचा विरोध नाही. एका प्रदेशाची हवा निवळताना दुसऱ्याचे पाणी जाते, तेव्हा दोन्ही नोंदी एकाच वहीत व्हाव्यात, एवढेच आमचे म्हणणे.