झाड तोडण्यापूर्वी कोणाला विचारावे?

झाड तोडावयाचे झाल्यास आधी परवानगी काढावी लागते, हे आज बहुतेकांना ठाऊक असते. आणि ठाऊक असूनही ही एक सरकारी कटकट आहे, असेच बहुतेकांना वाटते. आपल्या अंगणातले, आपण पाणी घालून वाढविलेले झाड. त्यावर कुऱ्हाड घालण्यास नगरपालिकेला काय म्हणून विचारावयाचे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नुसती कलमे वाचून मिळत नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते. मागे पाहू गेल्यास असे दिसते की, झाडासाठी विचारण्याची चाल या मुलखात जुनीच आहे. बदलत गेले ते एवढेच, की कोणी विचारायचे आणि कोणाला.

'आज्ञापत्र' हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर आहे. तो १७१५ च्या सुमाराचा, म्हणजे शिवछत्रपतींच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनी लिहिलेला. त्यातला झाडांविषयीचा मजकूर पुष्कळदा खुद्द महाराजांचे पत्र म्हणून वाचून दाखविला जातो. तसे ते नाही. परंतु महाराजांच्या पदरी राहिलेल्या कारभाऱ्याने ती राज्याची रीत म्हणून लिहून ठेवली, हे तिचे मोल. आरमारासाठी राज्यातल्या रानातला साग हवा असेल, तर हुजूरची परवानगी घेऊन तो तोडावा. उणे पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसही जहाजांच्या कामाचे, पण त्यांना हात लावू देऊ नये. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे अगदी जीर्ण झालेले असलेच, तर मालकाला राजी करून, मोल देऊन न्यावे. येथे विचारणारा सरकारी अंमलदार आहे आणि विचारावयाचे आहे शेतकऱ्याला. कुऱ्हाड सरकारच्या हाती, म्हणून बंधनही सरकारच्याच हाताला.

इंग्रजी अमलात हे चक्र उलटे फिरले. लढाऊ जहाजांसाठी ओक अपुरा पडू लागला, तेव्हा इंग्रजांची नजर मलबारच्या सागावर गेली. १८०६ साली कॅप्टन वॉटसन यांना जंगलांचा रक्षक नेमण्यात आले. रक्षण कशासाठी, तर जहाजांसाठी. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली १८१७ साली बांधलेले 'त्रिंकोमाली' हे मलबारी सागवानाचे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. लाकूड किती उत्तम होते याची ती साक्ष, आणि ते कोणासाठी राखले जात होते याचीही! पुढे आगगाड्या आल्या, रुळांखालच्या स्लीपरांना लाकूड हवे झाले. १८६५ चा आणि १८७८ चा असे जंगल कायदे आले. राखीव रानात गुरे चारणे, मोळी आणणे हे पिढीजाद व्यवहार गुन्हे ठरले. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगलखात्यावर आसूड ओढला तो याचमुळे. १९३० च्या जुलैत पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव रानातले गवत कापून कायदा मोडला. त्याच वर्षी बिळाशी उठली, चिरनेर उठले, आणि चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार होऊन माणसे मेली. झाडाचा कायदा म्हटला की आमच्या माणसाच्या कपाळाला आठी पडते, तिचे मूळ इथे आहे.

स्वराज्यातले कायदे मात्र निराळे आहेत, आणि हा निराळेपणा समजून घेतला पाहिजे. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड नियमन कायद्याने आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, खैर, चंदन इत्यादी ठरावीक जातींची झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीवाचून तोडण्यास मनाई केली. शहरांसाठी १९७५ चा कायदा आला आणि वृक्ष प्राधिकरणे निघाली. या शहरी कायद्यातली एक तरतूद आम्हांला फार मोलाची वाटते. तोडीसाठी अर्ज आला, की वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावयाची आणि त्या झाडावरही नोटीस लावावयाची. म्हणजे विचारणे आता केवळ मालक आणि सरकार यांच्यातले राहिले नाही. सावलीत बसणारा चांभार आणि शाळेत जाणारे पोर यांचाही त्यात वाटा आला. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला.

कायदा असला म्हणजे झाड वाचतेच असे नाही. २०१९ साली मुंबईत आरे येथे मेट्रोच्या कारशेडसाठी प्राधिकरणाने २,१८५ झाडे तोडण्यास परवानगी दिली होती. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने विरोधाच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. तात्पर्य हे, की हरकत घ्यावयाची ती नोटीस लागते तेव्हा. झाड आडवे झाल्यावर न्यायालयही ते उभे करू शकत नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. एका शहरातल्या एका गृहसंस्थेने कंत्राटदाराकरवी जुने झाड उतरविले. परवानगी होती फांद्या छाटण्याची. पडले ते बुंध्यासकट. पंचनाम्याच्या वेळी जागेवर सापडले दोन मजूर. त्यांची करवत आणि दोर जप्त झाले, चौकीच्या खेपांत आठवड्याची रोजी बुडाली. हुकूम देणारे मात्र घरी होते. वास्तविक कायद्याने तोडणारा आणि तोडविणारा दोघेही गुन्हेगार. पण तोडणारा समोर दिसतो आणि तोडविणारा दिसत नाही.

म्हणून आम्ही आमच्या माणसांना एकच शिकवितो: दोर बांधण्याआधी कागद मागा. त्यावर हेच झाड आहे काय, छाटणी लिहिली आहे की तोड, मुदत कोणती, सही कोणाची, हे वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून घेतल्याखेरीज वर चढू नका. नागरिकांनी आणखी एक करावे. झाडावर नोटीस दिसली तर थांबून वाचावी आणि हरकत असल्यास लेखी द्यावी. नोटीस नसताना कुऱ्हाड दिसली तर उद्यान विभागात विचारावे. वाळलेले, कलंडलेले, घरावर येऊ पाहणारे झाड असेल तर परवानगी मिळते. त्यासाठी चोरून तोडण्याचे कारण नाही.

राजाचा अंमलदार रयतेला विचारी, पुढे रयतेने साहेबाला विचारावे लागले. आता आपण एकमेकांना विचारावयाचे आहे. ही कटकट खरी. पण ज्या झाडाला पन्नास वर्षे लागली, त्याच्यासाठी चार दिवस थांबणे काही जास्त नव्हे.