मूठभर माती

मराठीत ‘मूठमाती देणे’ म्हणजे एखादी गोष्ट कायमची संपवणे. आम्हा मुसलमानांच्यात ती प्रत्यक्ष करायची क्रिया आहे. दफनाच्या वेळी प्रत्येक जण तीन मुठी माती कबरीत सोडतो आणि मागे वळतो. पण मूठभर मातीने एखादी गोष्ट सुरूही होते, हे मला कळले ते कब्रस्तानातच.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मिरज तालुक्यातल्या आमच्या गावी कब्रस्तानात सावली हवी म्हणून आम्ही काही जणांनी चाळीस रोपे लावली. कडुनिंब, जांभूळ, करंज. खड्डे घेतले, शेणखत घातले, काट्यांचे कुंपण केले. दिवाळीपर्यंत निम्म्याहून अधिक रोपांच्या नुसत्या काड्या उरल्या. गावात एक आबा होते, सारा जन्म माळीकामात गेलेले. ते बघून म्हणाले, “आरं, पोरगी नांदायला धाडताना पाठराखीण देत्यात. तुम्ही ह्या रोपांसंगं कोण धाडलं?” पुढच्या वर्षी त्यांच्या सांगण्यावरून ओढ्याकाठच्या जुन्या जांभळाखालची माती आणली आणि प्रत्येक खड्ड्यात मूठमूठ टाकली. त्या खेपेला बहुतेक रोपे जगली. पाऊसही बरा होता आणि पाणीही आम्ही नेमाने घातले, तेव्हा सगळे श्रेय मातीला देणार नाही. पण पाठराखीण हा शब्द डोक्यात राहिला. पुढे जे वाचले, त्यातून तिचा इतिहास हाती लागला.

१८८५ साली बर्लिनमध्ये आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. जमिनीखाली वाढणाऱ्या एका महागड्या अळंबीची लागवड करता येईल का, हे तपासायचे काम सरकारने त्यांच्याकडे दिले होते. लागवड काही साधली नाही. मात्र झाडांची मुळे पाहताना त्यांना दिसले की, बारीक मुळ्यांवर बुरशीचे आवरण असते आणि तरीही झाड निरोगी असते. बुरशी म्हणजे रोग, अशी तेव्हाची समजूत. फ्रांक म्हणाले, हा रोग नाही, हा संसार आहे. झाड बुरशीला आपली साखर देते आणि बुरशी आपल्या केसाहून बारीक तंतूंनी लांबचे पाणी नि स्फुरद झाडाला आणून देते. या जोडीला त्यांनी ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. आपले द्राक्षबागायतदार आज त्याच नावाची पाकिटे दुकानातून आणतात. ही सोयरीक फार जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही अशी बुरशी दिसते.

आबांची युक्तीही जगाने वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा शोधली आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात बाहेरून आणलेल्या पाइनची रोपे काही रोपवाटिकांत पिवळी पडून खुरटत. त्यांच्या मुळांवर बुरशीच नाही, हे १९२७ साली केसेल या वनाधिकाऱ्यांनी दाखवून दिले. पोर्टो रिको बेटावरही पाइन वर्षानुवर्षे रुजेना. १९५५ साली अमेरिकेतल्या पाइनखालची माती तिथे नेऊन घातली, तेव्हा रोपांनी अंग धरले.

आता आम्ल पावसाकडे वळू. मँचेस्टरच्या गिरण्यांत पश्चिम हिंदुस्थानातला कापूसही जात असे. त्या गिरण्यांच्या धुराड्यांखाली पडणारा पाऊस रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने तपासला आणि १८७२च्या आपल्या ग्रंथात ‘आम्ल पाऊस’ हा शब्द वापरला. दगडी कोळसा जळला की गंधकाचा धूर होतो आणि ढगात त्याचे आम्ल बनते. माती-पाण्याचा आंबटपणा ज्या मापाने मोजतात, त्याला शेतकरी सामू म्हणतात. सात म्हणजे समतोल. त्याखाली एकेक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते. स्वच्छ पावसाचा सामू साडेपाचच्या थोडा वर असतो. १९६३ साली अमेरिकेतल्या हबर्ड ब्रुक जंगलात तो चारच्या आसपास भरला.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतली जंगले झडू लागली. ग्योटिंगेनचे मृदाशास्त्रज्ञ बर्नहार्ड उलरिश यांनी बोट ठेवले ते मातीवर. आम्ल पाऊस मातीतला चुना नि मॅग्नेशियम धुऊन नेतो. सामू पाचच्या खाली गेला की मातीत बंदिस्त असलेले ॲल्युमिनियम विरघळते आणि कोवळ्या मुळांची टोके जाळते. या मतावर पुढे पुष्कळ वाद झाले, जंगले झडण्याची इतर कारणेही निघाली. पण मातीत घडते ते उलरिश यांनी सांगितले तसेच.

मोठ्या झाडाकडे खोल मुळे असतात, साठवण असते. रोपट्याकडे असते ती वीतभर मुळी. तिथे पाठराखीण कामाला येते. काही बुरशा मुळाभोवतीच्या आवरणातच ॲल्युमिनियमचा बराचसा भाग अडकवून ठेवतात. आम्ल मातीत लोह नि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतात. तो सोडवून आणायचे कामही बुरशी करते. डोनाल्ड मार्क्स या अमेरिकन वनशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात कोळशाच्या खाणींचे ढिगारे निवडले. सामू तीन-चार, गवतही धड उगवेना. तिथे पिसोलिथस नावाच्या बुरशीची जोड दिलेली पाइनची रोपे नुसत्या रोपांपेक्षा कितीतरी चांगली जगली.

पण पाठराखिणीलाही सोसण्याची सीमा असते. १९८०च्या दशकात हॉलंडच्या जंगलांतल्या अळंब्या कमी होत चालल्याचे तिथल्या अभ्यासकांनी नोंदवले. हवेतून पडणारे आम्ल आणि नत्र यांनी बुरशीच हटत होती. झाडे उभी होती, त्यांची सोबत सुटत होती. बुरशीच्या जोरावर धूर सोडत राहता येत नाही, हा त्यातला धडा.

हे सगळे परक्या मुलखातले, असे वाटेल. तसे नाही. धुराड्याशिवाय तयार झालेली आम्ल माती आपल्या डोक्यावरच आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. लाखो वर्षांच्या या धुलाईत काळ्या दगडातला चुना वाहून गेला आणि मागे लोह नि ॲल्युमिनियम राहिले. तोच आपला तांबडा जांभा. कासचे पठार त्याचेच. तिथून दीड-दोनशे किलोमीटर पूर्वेला आटपाडी-जतकडे या. पाऊस पाचशेच्या आसपास. इथे चुना धुपून जात नाही, मातीत चुनखडीचे खडे होऊन बसतो आणि सामू आठच्या वर जातो. आम्ल आणि अल्क यांची दोन टोके आपण सातारा-सांगलीकर एका दिवसाच्या एसटी प्रवासात पाहतो.

मग त्या आंबट जांभ्यावर महाबळेश्वरची जांभूळ, अंजनी, पिसा यांची घनदाट राई जगते कशी? बी पडते ते आईच्या सावलीत, आणि त्या मातीत बुरशीचे जाळे आधीपासून पसरलेले असते. रोपट्याची मुळी काही दिवसांत त्याला जोडली जाते. देवराईत कुऱ्हाड चालत नाही, म्हणून तिथे हे जाळे पिढ्यान्‌पिढ्या टिकले. पण राई तोडून उतार उघडा पडला की पहिल्याच दोन-तीन पावसाळ्यांत वरची माती जाते आणि तिच्याबरोबर जाळेही जाते. पुढे तिथे हजार रोपे लावली तरी ती माहेर तुटलेलीच.

आपल्याकडचा पाऊस बराच काळ आम्लापासून बचावला, तो धुळीमुळे. आपल्या धुळीत चुना असतो, तो ढगातले आम्ल मारतो. पण पुणे, नागपूर, विशाखापट्टणमसह देशातल्या दहा ठिकाणी हवामान खाते वर्षानुवर्षे पावसाचे पाणी तपासत आले आहे, आणि बऱ्याच ठिकाणी सामू हळूहळू उतरताना दिसतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली. सांगलीच्या चुनखडीला थोडे आम्ल पचेल. जांभ्याजवळ मात्र मुळातच चुन्याची शिल्लक नाही. पाऊस बिघडला तर पहिला घाव तिथेच बसेल, आणि कृष्णा-कोयना तिथूनच उगम पावतात.

झाडे लावून जंगल होते का, असे विचारणाऱ्याने आमच्या सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर पाहावे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या डोंगरावर माणसांनी वाढवलेले हे जंगल १९८५ साली अभयारण्य झाले. तिथले यश रोपांच्या आकड्यात नाही, नंतरच्या राखणीत आहे. गुरे आणि वणवा दूर राहिला, पालापाचोळा जागेवर कुजला, म्हणजे माती पुन्हा वसती.

आपल्या हातात थोडेच आहे, पण ते करण्याजोगे आहे. रोप लावताना जवळच्याच निरोगी जुन्या झाडाखालची मूठभर माती खड्ड्यात टाका. मूठभरच घ्या, पोती भरून देवराई उकरू नका. खड्ड्यात स्फुरदाचे खत ओतू नका. आयता स्फुरद मिळाला की झाड बुरशीला साखर द्यायचे थांबते आणि सोयरीक मोडते. डोंगराचे गवत पेटवू नका. आणि रस्ता रुंद करताना एका जुन्या वडाच्या बदल्यात दहा रोपे लावू, असा हिशेब कुणी मांडला, तर त्याला एवढे जरूर विचारा: रोपे दहा आणाल, पण पाठराखीण कुठून आणाल?

आबा जाऊन बरीच वर्षे झाली. आमच्या कब्रस्तानातली जांभळे आता दोन पुरुष उंच आहेत. कुणाला मूठमाती द्यायला गेलो की परतताना मी त्यांच्या सावलीत थोडा थांबतो. पायाखाली बारीक बारीक रोपे उगवलेली असतात. ती कुणी लावलेली नाहीत.